डावा अंगठा

“थांब! आगं थांब म्हनलं ना! त्यानं हात केलाय!”

बायनाबाईंनी बटणावरचा अंगठा उचलला. टीव्हीच्या पडद्यावर पळणारा बुटका गडी जागच्या जागी उभा राहिला. समोरून एक मिशाळ माणूस हात वर करून चालत येत होता. तो काही थांबला नाही. त्याने गड्याला सरळ धडक दिली, गडी कोलांट्या खात पडद्याच्या खाली गेला आणि टीव्हीतून रडका सूर निघाला.

“मेलं,” बायनाबाई म्हणाल्या.

“मेलं कसं काय? त्यानं हात केला म्हनून तर आपुन थांबलाव.”

“बाबा, तो पॅसेंजर न्हाई,” भिंतीला टेकून बसलेला त्यांचा मुलगा भुजंग म्हणाला. सकाळपासून तो हेच सांगत होता. “तो दुश्मन हाय. थांबायचं न्हाई. त्याच्यावरून उडी मारून जायचं.”

“हात केलेल्या मानसाच्या टकुऱ्यावरून उडी मारून जायचं?” आश्रुबा वाव्हळे यांनी पोराकडे असं पाहिलं, की पुण्याला जाऊन हेच शिकलास का. “आन् मग त्यानं जायचं कशानं?”

परभणी डेपोचा हा कंडक्टर. उभी हयात परभणी-जिंतूर रस्त्यावर गेली. रस्त्याच्या कडेला हात दिसला की दोरी ओढायची, घंटीचा एक टोला द्यायचा आणि गाडी थांबवायची, एवढं त्यांच्या अंगात भिनलेलं. गाडी कितीही भरलेली असो. दाराशी लोंबकळणाऱ्यांनी शिव्या घातल्या तरी आश्रुबा म्हणत, “मानूस हाय तो. सरका मागं.” आता उतारवयात एका खेळण्याने येऊन सांगावं की हात करणारा प्रत्येक जण शत्रू आहे, तर ते त्यांना कसं पटावं?

“परत लाव,” ते म्हणाले. “आन् बायना, ह्या बारीला मी म्हनल्याबिगर हालायचं न्हाई.”

“तुमी म्हनता तवाच तर मरतंय ते,” बायनाबाई पुटपुटल्या. पण अंगठा बटणावर ठेवून तयार झाल्या.

दोन वर्षांपूर्वी, जिंतूरहून परत येताना, बोरी मागे पडल्यावर आश्रुबांच्या डाव्या हातातून तिकिटांची पेटी निसटली. ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. ड्रायव्हर दत्तराव यांनी पुढचे सगळे थांबे सोडून, पॅसेंजरांनी भरलेली गाडी तशीच्या तशी परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन उभी केली. त्या गाडीतल्या एकाही माणसाने तक्रार केली नाही, हे दत्तराव अजूनही ज्याला त्याला सांगतात. आश्रुबा वाचले. जीभ हळूहळू वळणावर आली, पाय जरासा फरफटत का होईना चालू लागला. डावा हात मात्र गेला तो गेलाच. खांद्याला लटकलेला असायचा, एवढंच.

महामंडळाने त्यांना घरी बसवलं. घरात तर बसायचं, त्यात काय, असं लोकांना वाटतं. पण एका हाताने पायजम्याची नाडी बांधता येत नाही. सदऱ्याची गुंडी लागता लागत नाही. उजव्या हाताची नखं काढायला डावा हात लागतो, हे माणसाला तो गेल्याशिवाय कळतही नाही. सगळीकडे बायनाबाई. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, पण आश्रुबांना तेच लागायचं. या पृथ्वीतलावर एक तरी काम पहिल्यापासून शेवटापर्यंत आपलं आपण करता यावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मग त्यांनी मागणंच बंद केलं आणि मागणं बंद झालं तसं बोलणंही आटलं. गाडीच्या मागच्या दारातून ड्रायव्हरपर्यंत पोचणारा आवाज त्यांचा, पण घरात त्यांच्यापेक्षा मांजर जास्त बोलायचं.

दिवाळीत ते दोघं पुण्याला भुजंगकडे गेले. तिथे शेजाऱ्यांच्या घरात टीव्हीवर हा खेळ चाललेला. आश्रुबा उगीच दारात उभे राहून बघत होते आणि एकाएकी ओरडले, “आरं, म्होरं खड्डा हाय!” भुजंग आतल्या खोलीतून धावत आला. बापाचा तो आवाज त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की हा खेळ परभणीच्या घरात आला पाहिजे.

आणला तो संक्रांतीच्या तोंडावर, नांदेडला निघालेल्या एका मित्राच्या जीपमधून. पण पोराने आणली दोन खोकी. एकच खेळ, दोन तऱ्हांचा. एक टीव्हीला जोडायचा. त्याची छोटी डबी आणि वायरीला लोंबणारा रिमोट. दुसरा कंप्युटरवरचा. भुजंगच्या ऑफिसात नवीन कंप्युटर आले, तेव्हा जुना त्याला मिळत होता. कुठला बरा पडेल हे त्याला ठरवता येईना.

“दोनीतला एक ठेवायचा,” चहा पिता पिता त्याने सांगितलं. “दोन्ही ठेवायची आपली ऐपत न्हाई. टीव्हीचा दुकानदार परत घेतो म्हनलाय. कंप्युटरला ऑफिसातला दुसरा एक जन टपलेलाच हाय. जीप नांदेडहून माघारी येईल तवा एक खोकं परत जाईल. तवर दोन्ही बघा.”

“ठेव तुला वाटंल त्यो,” आश्रुबा म्हणाले. पण त्यांची नजर खोक्यांवरून हलत नव्हती.

कंप्युटरला टेबल लागतं आणि घरातल्या एकुलत्या एका टेबलावर गोधड्या-वाकळांची उतरंड रचलेली. म्हणून टीव्हीचा खेळ आधी जोडला गेला. जोडून झाला, गडी पडद्यावर आला, भुजंगने रिमोट बापाच्या हातात दिला आणि तेव्हा कुठे त्याची चूक त्याच्या ध्यानात आली. रिमोट दोन हातांत धरायचा होता. डाव्या अंगठ्याने गडी पळवायचा, उजव्याने उडी मारायची.

आश्रुबांनी तो मांडीवर ठेवून पाहिला, गुडघ्यांत धरून पाहिला. उजवा अंगठा डावीकडे नेला की गडी पळायचा आणि खड्ड्यात जायचा. उडीच्या बटणावर ठेवला की जागच्या जागी टणाटणा उडायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी रिमोट मांडीवरून घसरला. त्यांनी तो पायाने दूर लोटला.

“घेऊन जा रे हे. दोन हातवाल्याचा खेळ हाय ह्यो.”

भुजंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वायर काढायला उठला, तोच बायनाबाई जोंधळ्याचं सूप बाजूला ठेवून आल्या. त्यांनी एक पाट ओढला, त्यावर रिमोट ठेवला आणि नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसकण मारली.

“इकडचं मी दाबते,” त्या म्हणाल्या. “तिकडचं तुमी.”

“तुला काय येतंय?”

“तुमाला तरी काय येतंय?”

अशी सुरुवात झाली. पहिल्या खड्ड्यात गडी किती वेळा मेला याला हिशेब नाही. त्या पळवायच्या, हे उडी विसरायचे. हे उडी मारायचे, तर त्या थांबलेल्या असायच्या. “थांब” आणि “चल” यांवरून एवढी कडाक्याची भांडणं झाली की शेजारची सुलाबाई दारातून डोकावून गेली. शेवटी आश्रुबांनी आपली पद्धत काढली. उजवी टाच जमिनीवर एकदा आपटली की थांबायचं, दोनदा आपटली की निघायचं. गाडीतली घंटीच ती. बायनाबाईंना ती शिकवावी लागली नाही. माहेरी मानवतला जाताना त्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ती घंटी ऐकत आलेल्या होत्या. घंटी सुरू झाली आणि गडी पहिला खड्डा ओलांडून पार गेला. नवराबायको दोघंही एकदमच ओरडली.

त्यानंतर मिशाळ माणसाचं प्रकरण निघालं, ते वर आलंच आहे. त्याच्यापायी गडी दिवसभर मरत राहिला. संध्याकाळी आश्रुबांनी एकदाचं मान्य केलं की हा माणूस बिनतिकिटाचा असणार, आणि मग मात्र त्याच्या डोक्यावरून उडी मारून जायला त्यांना काही वाटेना.

बायनाबाईंबद्दल कुणी काही सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मानवतला लहानपणी त्या सागरगोटे खेळत. लग्न होऊन आल्या, सासू-सासऱ्यांचं केलं, पोराच्या शिक्षणासाठी जिनिंगात कापूस निवडला, नवऱ्याचं दुखणं काढलं. सागरगोट्यांनंतर त्या काहीही खेळल्या नव्हत्या आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नव्हतं, कारण तसं वाटायला वेळ लागतो. आता पन्नाशीला आलेल्या या बाईच्या अंगठ्यात काय होतं कोण जाणे! टाच आपटायच्या आत त्या थांबलेल्या असायच्या. आश्रुबांचा श्वास वर गेला की त्यांना कळायचं, आता हे उडी मारणार. गडी मेला की त्या पदर तोंडाला लावून अशा हसायच्या की बोलता यायचं नाही. भुजंगने आपली आई अशी हसताना आजवर पाहिलेली नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराची बातमी रेडिओवर आली. वस्तीत फटाके वाजले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, निळा गुलाल उधळला. आश्रुबा आणि बायनाबाई विहारात वंदनेला जाऊन आले. परत येताना आश्रुबांनी सगळ्या वस्तीशी बोलून घेतलं आणि वस्ती बघतच राहिली. बाकी गावात तणाव होता, दुकानं बंद, एसटी बंद. जीप नांदेडलाच अडकली. भुजंगची सुट्टी त्याच्या मनात नसताना वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी घराबाहेर पडत नव्हतं तेव्हा, गल्लीबोळांतून वाट काढत दत्तराव तिळगूळ घेऊन आले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, देशमुखांच्या आळीत त्यांचं घर. येऊ नका असं त्यांना घरात सगळ्यांनी सांगितलं असणार.

“नाव झालं बाबा एकदाचं,” पायातल्या वहाणा काढता काढता ते म्हणाले. “आता तरी माज्या गाडीच्या काचा जाग्यावर ऱ्हात्याल.”

“तुजी गाडी? महामंडळाची हाय ती,” आश्रुबा म्हणाले.

दत्तराव दारातच थबकले. दोन वर्षं ते दर पंधरवड्याला येत आणि एकटेच बोलून जात. “आरं, ह्यो तर बोलायलाय!” ते बायनाबाईंना म्हणाले. मग मुद्दाम मोठ्याने खाकरले. “आन् हे काय मांडून ठिवलंय?”

खेळ समजावून झाल्यावर दत्तरावांना चेव आला. “सरका वयनी. इतकी वर्सं ह्याच्या घंटीवर मी गाडी हाकलीय. ड्रायव्हरचं काम ड्रायव्हरला करू द्या.”

बायनाबाई उठल्या. दत्तराव बसले. आश्रुबांनी टाच दोनदा आपटली. दत्तरावांनी स्टेअरिंग धरल्यासारखा रिमोट असा काही आवळला की गडी उलटाच पळाला. दुसऱ्यांदा पहिल्याच खड्ड्यात गेला. तिसऱ्यांदा दत्तरावांनी मिशाळ माणसाला पाहून पाय जमिनीवर दाबला.

“ह्याला ब्रेक कुटं हाय?”

“तुज्या डोक्यात,” आश्रुबा म्हणाले. “ऊट. बायना, बस तू.”

बायनाबाई बसल्या आणि गडी सुरसुर निघाला. एक खड्डा, दुसरा खड्डा, मिशाळ गेला, झाडावरून पडणारे दगड चुकवले. पुढे नदीवरचा मोडका पूल आला आणि तिथे मात्र नेहमीसारखा पाण्यात पडला. त्या पुलाच्या पलीकडे ही जोडी कधी गेली नव्हती. पण दत्तराव बघतच राहिले.

“वयनी, तुमी आमच्यापेक्षा बऱ्या ड्रायव्हर,” ते म्हणाले. बायनाबाईंनी मान खाली घातली, पण कानापर्यंत लाल झाल्या. तिळगूळ वाटीत काढून देताना त्यांनी दत्तरावांच्या हातावर जरा जास्तच ठेवला.

वाकळांची उतरंड उतरवून टेबल मोकळं झालं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. भुजंगने कंप्युटर जोडला. तोच गडी, तेच खड्डे, तोच मिशाळ. फक्त इथे रिमोट धरायचा नव्हता. बटणांची पाटी टेबलावर आपली आपण पडून होती. गडी पळवायला उजव्या कोपऱ्यातली बाणांची बटणं, उडीला खालची लांब पट्टी.

“बाबा, बोटं बाणांवर ठिवा आन् आंगठा लांब करून पट्टीवर,” भुजंग म्हणाला. “बघा, एकाच हातात सगळं बसतंय.”

आश्रुबांचा पंजा मोठा. चिमट्याने तिकिटं टोचून टोचून बोटं मजबूत झालेली. त्यांनी पंजा पसरला. बोटं बाणांवर, अंगठा पट्टीच्या टोकावर. बसलं. त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे आणि म्हणाले, “कुनी हात लावू नगा.”

सकाळ त्यातच गेली. पहिल्यांदा बोटं एकमेकांत अडकत होती. मग सुटी झाली. बायनाबाई थोडा वेळ मागे उभ्या राहिल्या. गडी खड्ड्याशी आला की त्यांच्या तोंडून “हां, आता” निघायचं. आश्रुबा मान न वळवता म्हणाले, “बोलू नगं गं, ध्यान हालतंय.” त्या गुपचूप चुलीकडे गेल्या.

दुपार कलत असताना घरात आरोळी उठली.

“बायना! ए बायना! पूल! पूल वलांडला मी! एकट्यानं!”

त्या पिठाच्या हातांनीच धावत आल्या. आश्रुबा खुर्चीतून अर्धे उठले होते, डावा हात नुसताच झुलत होता आणि तोंडभर हसू होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांच्या गावीही नव्हतं. पडद्यावर गडी पुलाच्या पलीकडे, त्यांनी कधी न पाहिलेल्या हिरव्या माळावर पळत होता.

“एकट्यानं?” बायनाबाई म्हणाल्या.

“एकट्यानं! पयल्यापासून!”

“लय झॅक झालं बघा,” त्या म्हणाल्या आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. ज्या माणसाला दोन वर्षं त्यांनी नाडी बांधून दिली, तो आज एक गोष्ट स्वतःची स्वतः करून उभा होता. त्यांनी पिठाच्या हातांनी त्याच्यावरून दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. भुजंगने टाळ्या वाजवल्या.

मग त्या आत गेल्या. जाताना त्यांना टीव्हीपुढचा पाट दिसला आणि त्यावरचा रिमोट. हात धुऊन त्या परत आल्या, रिमोटची वायर नीट गुंडाळली आणि पाट भिंतीला उभा करून ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं. नवऱ्याचं भलं झालं आणि आपल्याला वाईट वाटतंय, म्हणून स्वतःचा रागही येत होता. त्यांनी चुलीतलं लाकूड उगाचच जोरात पुढे ढकललं.

एसटी सुरू झाली. जीपवाल्याचा निरोप आला की उद्या सकाळी येतो, तयार राहा. सकाळी न्याहारीच्या वेळी भुजंगने विचारलं, “मग? कुठला ठेवायचा?”

त्याला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे. आश्रुबांनी कंप्युटरकडे पाहिलं, मग भिंतीला उभ्या केलेल्या पाटाकडे पाहिलं. बराच वेळ चहाची कपबशी हातात फिरवत राहिले.

“तुज्या मायला इचार,” ते म्हणाले.

बायनाबाई चपापल्या. त्या घरात आजवर असा प्रश्न त्यांच्याकडे कधी आला नव्हता. जमिनीच्या तुकड्याचा नाही, पोराच्या कॉलेजचा नाही. आला तो हा.

“कंप्युटरच ठेव की,” त्या लगेच म्हणाल्या. “त्या टीव्हीच्या खेळापायी माज्या बातम्या बुडायल्यात. आन् माजा आंगठा बी ठनकतोय. मला कामून त्यात गुतवायलास?”

बायनाबाईंनी जन्मात कधी बातम्या पाहिल्या नव्हत्या. आश्रुबांनी मान वर केली. बिनतिकिटाचा पॅसेंजर कसा बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. न विचारता दोन कारणं देतो आणि खिडकीबाहेर बघतो. बायनाबाई चुलीकडे बघत होत्या. आश्रुबांना सगळं कळलं. पण ते गप्प राहिले, कारण कंप्युटर त्यांना हवा होता. त्या हिरव्या माळावर एकट्याने पोचल्याचं सुख असं होतं की ते हातचं सोडायला त्यांचं मन होईना. या माणसाला दोष कुणी द्यावा? मी तर देणार नाही.

टीव्हीच्या खेळाचं खोकं बायनाबाईंनीच बांधलं. जीपमध्ये ठेवताना ड्रायव्हरला बजावलं, “उलटं-पालटं ठिवू नका बरं.” भुजंगला घेऊन जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या दारातच होत्या.

त्यानंतर घराला नवीन शिस्त लागली. आंघोळ झाली की आश्रुबा टेबलाशी बसत. बटणांचा टकटकाट आणि कंप्युटरचे बारीक टूं टूं आवाज स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत येत. तिथे बायनाबाई भाकरी थापत. आश्रुबा बोलू लागले होते, चिडत होते, दत्तरावांशी तासन् तास पैज लावत होते. गुंडी आता ते स्वतः लावून बघत, लागली नाही तर हसून बोलावत. सगळं चांगलं चाललं होतं. फक्त बायनाबाईंच्या भाकरी फुगेनाशा झाल्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आश्रुबांनी विचारलं, “भाकर अशी कामून व्हायलीय?”

“जोंधळाच बरा न्हाई ह्या सालचा.”

जोंधळा तोच, मागच्याच पोत्यातला. पण भाकरीतल्या राजकारणात पुरुषाने पडू नये म्हणून आश्रुबांनी विषय सोडला.

एका सकाळी त्यांचा गडी लवकरच मेला. ते वैतागून उठले आणि आपण होऊन चुलीपाशी येऊन जेवायला बसले. बायनाबाईंनी ताटात भाकरी वाढली. आश्रुबांनी ती मोडायला उचलली आणि तशीच धरून राहिले. भाकरीच्या डाव्या कडेला अंगठ्याचे ठसे होते. एक, मग लगेच दुसरा, मग बरीच मोकळी जागा, मग एक खोल ठसा, इतका खोल की तिथे भाकरी चिरली होती. वाफ तिथूनच निघून गेलेली.

आश्रुबा बघत राहिले. पहिला खड्डा, दुसरा खड्डा. मग लांब सरळ वाट, मिशाळ येईपर्यंत. टूं टूं ऐकत बायनाबाईंचा अंगठा इथे भाकरीवर खेळत होता.

“आज गडी कुटं मेला ठावं हाय का तुला?” त्यांनी हळूच विचारलं.

बायनाबाई तव्यावरची भाकरी उलथत होत्या. मागे न बघता बोलून गेल्या, “मिशाळाच्या म्होरं. उडी आधीच मारलीत तुमी. तो जवळ आला की टूं वाजतंय, त्याच्यावर मारायची.” आणि मग आपण काय बोललो हे त्यांना कळलं. पदराने तोंडावरचा घाम पुसला, जो आलेला नव्हता.

आश्रुबांनी भाकरी खाल्ली. चिरलेली कड आधी खाल्ली. ताटात हात धुतला, उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले. तिथून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. मग थांबला. परत आला.

“काय करायलाव?” बायनाबाईंनी आतून विचारलं. “मी येऊ का?”

“नगं. मी करायलोय.”

दारामागचा जड लाकडी स्टूल होता तो. एका हाताने तो उचलता येत नाही. आश्रुबा त्याला पायाने ढकलत, हाताने ओढत, मध्ये दम खात, टेबलापर्यंत आणत होते. आपल्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, बाणांच्या बटणांपुढे, त्यांनी तो खेटून लावला. सदऱ्याच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसली. मग खुर्चीत बसले आणि खेळ सुरू केला.

टूं टूं वाजलं आणि बंद झालं. पुढे काहीच वाजेना. बायनाबाईंनी थोडा वेळ कान दिला. मग तवा खाली उतरवला आणि दारात आल्या.

पडद्यावर गडी वाटेच्या सुरुवातीलाच उभा होता. आश्रुबा पडद्याकडे बघत बसले होते. त्यांचा उजवा हात फक्त त्या लांब पट्टीवर होता. बाणांची बटणं त्यांनी मोकळी ठेवली होती.